लघु ऑनलाइन व्यवसायांचे विपणन नियोजन

लघु ऑनलाइन व्यवसायांचे विपणन नियोजन म्हणजे मर्यादित भांडवल व मोजके मनुष्यबळ असलेल्या, आणि आंतरजालाच्या साहाय्याने विक्री करणाऱ्या व्यवसायाने आपला ग्राहक कोण, त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे, त्यासाठी किती खर्च करायचा आणि एकदा आलेला ग्राहक कसा टिकवायचा, यांविषयी आगाऊ केलेली मांडणी होय. मोठ्या उद्योगाला जाहिरातीवरील तोटा काही वर्षे सोसता येतो; लघु व्यवसायाला तो बहुधा एक हंगामही सोसवत नाही. त्यामुळे अशा नियोजनात प्रसिद्धीपेक्षा प्रत्येक विक्रीमागे उरणारी रक्कम आणि ग्राहकाची पुनर्खरेदी या दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान असते.

व्याप्ती

या लेखात 'लघु ऑनलाइन व्यवसाय' ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री करणारे उत्पादक, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारमंचांवरील विक्रेते, तसेच व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर मागणी नोंदवून घेणारे घरगुती व्यावसायिक यांचा तीत समावेश होतो. भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची कायदेशीर वर्गवारी गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल या दोन निकषांवर केली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. लेखात वर्णिलेले बहुतेक व्यवसाय या सूक्ष्म गटात मोडतात.

पार्श्वभूमी

विपणनशास्त्रातील ज्या संकल्पनांवर हे नियोजन आधारलेले आहे, त्यांपैकी बहुतेक आंतरजालाच्या आधीच्या आहेत. ग्राहक निर्माण करणे हा व्यवसायाचा मूळ हेतू असल्याचे प्रतिपादन पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये केले. वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये बाजारविभाजनाची कल्पना मांडली. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, वितरणस्थान व प्रसिद्धी या चार घटकांचे 'विपणन मिश्रण' रूढ केले. फ्रेडरिक राइखहेल्ड व अर्ल सॅसर यांनी १९९० मधील लेखात जुने ग्राहक टिकवण्याचा नफ्याशी असलेला निकट संबंध दाखवला. सेठ गोडिन यांनी १९९९ मध्ये 'अनुमतीचे विपणन' ही कल्पना लोकप्रिय केली. ज्याने संपर्काची परवानगी दिली आहे त्याच्याशीच संपर्क साधावा, हे तिचे सार होय.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. फ्लिपकार्टची स्थापना २००७ मध्ये बंगळुरू येथे पुस्तकविक्रीसाठी झाली आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने भारतात बाजारमंच सुरू केला. लहान विक्रेत्याच्या दृष्टीने मात्र २०१६ हे वर्ष अधिक महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाली आणि मोबाइल आंतरजालही स्वस्त झाले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे उपयोजन आल्यावर उत्तरे, आणि पुढे वस्तुसूची व किंमतही, एकाच ठिकाणी ठेवणे विनाशुल्क शक्य झाले. दुकानाचे भाडे न भरता विक्री करण्याचा मार्ग खुला झाला. त्याचबरोबर तोच मार्ग धरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची संख्याही वाढली.

नियोजनाचे घटक

ग्राहकगटाची निवड

नियोजनाची पहिली पायरी ग्राहकगट ठरवणे ही होय. 'सर्वांसाठी उपयुक्त' अशी वस्तू विकणाऱ्या लहान व्यावसायिकाला किमतीवर मोठ्या विक्रेत्यांशी स्पर्धा करावी लागते आणि ती सहसा त्याच्या आवाक्याबाहेर असते. याउलट गट जितका नेमका, तितकी त्याची गरज ओळखणे सोपे जाते. घरगुती मसाले विकणाऱ्याच्या दृष्टीने 'मसाला वापरणारे लोक' हा गट फार विस्तृत आहे. 'नोकरीनिमित्त पुण्यामुंबईत राहणारी व गावाकडच्या चवीचा कांदा-लसूण मसाला शोधणारी कोल्हापूर-सातारा भागातील कुटुंबे' हा गट हाताळता येण्याजोगा आहे. असा गट निश्चित झाला, की पुडक्याचे वजन, वर्णनाची भाषा, छायाचित्रे व विक्रीचा मार्ग यांविषयीचे निर्णय त्याच्या अनुषंगाने घेता येतात.

ग्राहक समजून घेण्यासाठी खर्चिक सर्वेक्षणाची आवश्यकता नसते. पहिल्या काही डझन ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलून वस्तू कशासाठी घेतली, आधी काय वापरत होते आणि खरेदीपूर्वी कोणती शंका होती, हे तीन प्रश्न विचारल्यास पुरेशी माहिती हाती येते. त्या शंकांची उत्तरे हाच वस्तूच्या वर्णनाचा सर्वांत उपयुक्त मजकूर ठरतो.

वस्तू व विश्वास

ऑनलाइन खरेदीत ग्राहक वस्तू हाताळू शकत नाही. त्यामुळे वर्णन, छायाचित्र, परतीची अट व अन्य ग्राहकांचे अभिप्राय यांवरच त्याचा विश्वास अवलंबून असतो. उदाहरणार्थ, चामडी चपलांच्या विक्रीत मापाची चूक हे परतीचे एक प्रमुख कारण असते. पाऊल कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा कशी काढावी आणि लांबी-रुंदी कशी मोजावी, हे चित्रासह दिल्यास परती कमी होतात. अशी सूचना वरवर तांत्रिक वाटली, तरी खर्च व समाधान या दोहोंवर तिचा परिणाम होत असल्याने ती विपणनाचाच भाग ठरते.

विक्रीमार्ग

विक्रीमार्गांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. बाजारमंचावर ग्राहक आयता येतो. परंतु मंच सहसा दलाली किंवा अन्य शुल्के आकारतो आणि ग्राहकाचा थेट संपर्क सहसा विक्रेत्याला मिळत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर दलाली नसते व ग्राहकयादी स्वतःकडे राहते. मात्र ग्राहकाला तेथवर आणण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. अनेक व्यवसाय प्रारंभी मंचावर विक्री करून मागणीची चाचणी घेतात आणि पुढे थेट विक्रीचा वाटा वाढवतात. सरकारच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या व २०२२ मध्ये चाचणी सुरू झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्याचा उद्देश मोजक्या मंचांवरील विक्रेत्यांचे अवलंबित्व कमी करणे हा आहे.

वार्षिक दिनदर्शिका

मागणी वर्षभर समान नसते. मराठी ग्राहकांपुरता विचार केल्यास गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गणेशोत्सव, दिवाळी, मकरसंक्रांत आणि लग्नसराई हे मागणीचे ठळक काळ होत. दिनदर्शिका आखताना सणाच्या तारखेपासून मागे मोजत येण्याची पद्धत उपयुक्त ठरते. माल ग्राहकाकडे पोहोचण्याचा दिवस, रवानगीचा शेवटचा दिवस, मागणी बंद करण्याचा दिवस, उत्पादनाचा आरंभ, कच्च्या मालाची खरेदी आणि प्रसिद्धीचा आरंभ हे टप्पे त्या क्रमाने ठरवले जातात. मागणी कोणत्या दिवशी बंद करायची, हे आधी ठरवलेले नसल्यास सणानंतर पोहोचणारी पार्सले आणि त्यांच्या तक्रारी वाट्याला येतात.

विक्रीचे अर्थगणित

लघु व्यवसायाच्या नियोजनात तीन आकडे मूलभूत मानले जातात: प्रत्येक मागणीमागे चल खर्च वजा जाता उरणारी रक्कम म्हणजे अंशदान, एक नवा ग्राहक मिळवण्याचा खर्च आणि एका ग्राहकाने ठरावीक काळात केलेल्या खरेद्यांची सरासरी संख्या. त्यांचा परस्परसंबंध पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो.

एका घरगुती खाद्यपदार्थ व्यवसायाची सरासरी मागणी ८०० रुपयांची आहे असे मानू. कच्चा माल, मजुरी व वेष्टन यांचा खर्च ४२० रुपये, कुरिअर ९० रुपये आणि देयक सेवेचे शुल्क १६ रुपये धरल्यास एकूण चल खर्च ५२६ रुपये होतो व अंशदान २७४ रुपये उरते. जाहिरातीवर १२,००० रुपये खर्च करून ३० नवे ग्राहक मिळाले, तर प्रत्येक ग्राहकामागे ४०० रुपये खर्च झाला. अर्थात पहिल्या विक्रीत प्रत्येक ग्राहकामागे १२६ रुपयांचा तोटा होतो.

या ग्राहकांनी वर्षात सरासरी दीड वेळा खरेदी केली, तर प्रत्येकी ४११ रुपये अंशदान मिळून जाहिरातीचा खर्च जेमतेम भरून निघतो. सरासरी चार वेळा खरेदी झाली, तर १,०९६ रुपये मिळून ४०० रुपये वजा जाता ६९६ रुपये उरतात. जाहिरात, वस्तू व किंमत तीच असताना केवळ पुनर्खरेदीच्या प्रमाणामुळे व्यवसाय तगतो किंवा बुडतो. भाडे, वीज, कर्जाचा हप्ता व मालकाचे स्वतःचे श्रम यांचा खर्च या रकमेतूनच भागवायचा असतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

वस्तू पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत आणखी एक खर्च येतो. वरील उदाहरणात दहांपैकी दोन पार्सले न स्वीकारता परत आली आणि प्रत्येकी जाण्या-येण्याचे १८० रुपये गेले, तर ३६० रुपयांचा हा भार उरलेल्या आठ विक्रींवर प्रत्येकी ४५ रुपये असा पडतो. अंशदान २७४ वरून २२९ रुपयांवर येते आणि दीड खरेदीच्या सरासरीवर व्यवसाय तोट्यात जातो. परत आलेला खाद्यपदार्थ पुन्हा विकता न आल्यास नुकसान याहून मोठे असते. म्हणून पाठवणीपूर्वी दूरध्वनीवर खातरजमा करणे, आगाऊ देयकावर अल्प सवलत देणे किंवा काही रक्कम आधी घेणे असे उपाय योजले जातात.

सवलतींचा विचारही याच गणिताने करावा लागतो. ८०० रुपयांवर २० टक्के सूट दिल्यास विक्री १६० रुपयांनी कमी होते. अन्य खर्च कायम राहत असल्याने २७४ रुपयांचे अंशदान सुमारे ११४ रुपयांवर उतरते. पूर्वीइतकीच रक्कम मिळवण्यासाठी मागण्यांची संख्या जवळजवळ अडीच पट व्हावी लागते.

ग्राहक धोरण

पुनर्खरेदी व शिफारस

ग्राहक धोरण वस्तूच्या स्वरूपानुसार बदलते. मसाले, पापड, तेल, साबण यांसारख्या संपणाऱ्या वस्तूंमध्ये पुनर्खरेदी हा उत्पन्नाचा आधार असतो. वस्तू साधारण किती दिवसांत संपते याचा अंदाज घेऊन त्याच सुमारास आठवण करून देणारा एक संदेश पाठवणे, हे येथील सर्वांत साधे साधन होय.

याउलट काही वस्तू आयुष्यात एकदोनदाच घेतल्या जातात. हलव्याचे दागिने नववधूच्या पहिल्या संक्रांतीला किंवा बाळाच्या बोरन्हाणाला लागतात. तोच ग्राहक दरवर्षी परतण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. अशा व्यवसायात पुनर्खरेदीची जागा शिफारस घेते. समारंभाची छायाचित्रे ग्राहकाच्या संमतीने प्रसिद्ध करणे, पेटीत संपर्कपत्रिका ठेवणे आणि एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे आलेल्या मागण्यांची नोंद ठेवणे हे तेथील धोरण असते. दोन्ही प्रकारच्या वस्तूंना एकच विपणन पद्धत लावणे ही नियोजनातील नेहमी आढळणारी चूक आहे.

ग्राहकनोंद

गावातील किराणा दुकानदार कोणत्या घरी काय व किती लागते हे स्मरणाने किंवा वहीच्या आधारे जाणत असे. ऑनलाइन व्यवसायात हेच काम ग्राहकनोंद करते. नाव, पहिल्या व शेवटच्या खरेदीची तारीख, खरेद्यांची संख्या, एकूण रक्कम व तक्रारी एवढे रकाने असलेला साधा तक्ता प्रारंभी पुरतो. शेवटची खरेदी किती अलीकडची, खरेद्या किती वारंवार आणि रक्कम किती, या तीन निकषांवर ग्राहकांचे गट पाडता येतात. नियमित ग्राहकांना नव्या मालाची आधी सूचना, बऱ्याच दिवसांत न आलेल्यांची चौकशी आणि एकदाच आलेल्यांचे मत जाणून घेणे, असे वेगवेगळे उपाय त्यावरून ठरतात.

तक्रारनिवारण

तक्रार करणारा ग्राहक व्यवसायाला चूक सुधारण्याची संधी देत असतो. असमाधानी असूनही गप्प राहिलेला ग्राहक केवळ परत येत नाही. फुटलेली बरणी विनावाद बदलून देण्याचा खर्च नवा ग्राहक मिळवण्याच्या खर्चाशी ताडून पाहिल्यास बहुधा कमीच भरतो. तक्रारींची कारणनिहाय नोंद ठेवल्यास वेष्टन, वाहतूक व वर्णन यांतील दोष लवकर लक्षात येतात.

मंचावरील अवलंबित्व

समाजमाध्यमांवरील अनुयायी हे व्यवसायाच्या मालकीचे नसतात, ही बाब अलीकडच्या काही घटनांनी अधोरेखित केली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली आणि तेथे प्रेक्षकवर्ग जमवलेल्यांचा संपर्क अचानक तुटला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवरील उपयोजनांना वापरकर्त्याचा माग काढण्यासाठी त्याची परवानगी घेणे बंधनकारक केले. त्यामुळे अचूक लक्ष्य साधणाऱ्या जाहिरातींवर विसंबलेल्या जाहिरातदारांना परिणामांचे मोजमाप करणे अवघड झाले. या घटनांत विक्रेत्यांचा काही दोष नव्हता.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे मंचांचा वापर ओळख होण्यासाठी करणे आणि संमतीने मिळवलेली दूरध्वनी व ईमेल यादी स्वतःकडे राखणे. या यादीची प्रत मंचाबाहेर सुरक्षित ठेवणे हा नियोजनाचाच भाग मानला जातो.

कायदेशीर चौकट

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आला आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व तिचे निवारण एका महिन्यात करणे आवश्यक आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. सदोष अथवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्या नमूद केल्या आहेत. खोटी निकड भासवणे आणि न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत घालणे यांचा त्यांत समावेश होतो. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' हे वाक्य खरे नसल्यास ते या तत्त्वांचे उल्लंघन ठरते. ग्राहकांची माहिती बाळगणाऱ्यांना डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधील संमतीविषयक तरतुदी महत्त्वाच्या आहेत. खाद्यपदार्थ विक्रेत्यांना अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, बाजारमंचावरून केवळ राज्यांतर्गत वस्तुविक्री करणाऱ्या व उलाढाल मर्यादेखाली असलेल्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीतून सशर्त सूट मिळाली आहे. म्हणून परराज्यातील ग्राहक स्वीकारण्याचा निर्णय हा विपणनाइतकाच करविषयकही ठरतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

भौगोलिक मानांकन लाभलेल्या वस्तूंच्या थेट विक्रीत वरील अनेक प्रश्न एकत्र येतात. कोकणातील हापूस आंब्याला व कोल्हापुरी चपलेला २०१८ मध्ये हे मानांकन मिळाले. हापूसचे मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. कोल्हापुरी चपलेचे महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांत विभागलेले आहे.

हापूसचा हंगाम अल्प असतो, फळ नाशवंत असते आणि अन्य प्रदेशांतील आंबा हापूस म्हणून विकला जाण्याची तक्रार जुनी आहे. त्यामुळे बागायतदाराच्या थेट विक्रीत अस्सलपणाची खात्री हाच मुख्य विपणन मुद्दा असतो. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर विशिष्ट सांकेतिक क्रमांकाच्या चिकट्या लावण्याची पद्धत आणली, ती याच हेतूने. थेट विक्री करणारे बागायतदार पाठवणीच्या वेळी फळ किती पिकलेले आहे व ते कधी खावे, याच्या सूचनाही पेटीसोबत देतात.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना दिवाळीचा फराळ पाठवणे हा आणखी एक प्रस्थापित व्यवसाय आहे. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या आयातीवरील शुल्कमाफी रद्द केली आणि तत्पूर्वी २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने तेथील बहुतेक पार्सलांची नोंदणी तात्पुरती थांबवली. ती सेवा १५ ऑक्टोबर रोजी, म्हणजे दिवाळी अगदी तोंडावर आली असताना, पूर्ववत झाली. एकाच देशावर, एकाच वाहतूक मार्गावर आणि एकाच सणावर विसंबण्यातील जोखीम या घटनेतून दिसून येते.

मर्यादा व टीका

नियोजनाची बरीच प्रचलित तंत्रे मोठ्या उद्योगांसाठी घडली असून ती जशीच्या तशी लहान व्यवसायाला लावली जातात, असा आक्षेप घेतला जातो. पन्नास ग्राहकांच्या आकडेवारीवरून काढलेली टक्केवारी फसवी असू शकते. दोन ग्राहकांच्या वर्तनानेही ती बदलते. अनुयायी व पसंती यांची संख्या मोजणे सोपे असल्याने तिलाच यश मानण्याकडे कल होतो, परंतु तिचा विक्रीशी संबंध असेलच असे नाही.

दुसरा आक्षेप श्रमांविषयीचा आहे. घरगुती व्यवसायात छायाचित्रण, उत्तरे देणे, वेष्टन व हिशेब ही कामे बहुधा एकच व्यक्ती, पुष्कळदा गृहिणी, करते आणि त्या वेळेचे मोल किमतीत धरले जात नाही. असा व्यवसाय कागदावर नफ्यात दिसला, तरी तो चालवणाऱ्या व्यक्तीला मोबदला मिळतोच असे नाही. म्हणून उत्पादन खर्चात स्वतःच्या श्रमाचा ताशी दर धरावा आणि त्यानंतरही अंशदान उरते का हे तपासावे, ही नियोजनातील प्राथमिक अट मानली जाते. ते उरत नसल्यास जाहिरात वाढवल्याने विक्रीबरोबर तोटाही वाढतो.

हे सुद्धा पहा

विपणन
ई-वाणिज्य
बाजारविभाजन
भौगोलिक मानांकन
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९